रोहिदासच्या गाण्यातली आगगाडी

आमच्या भावकीत जमिनीचे पैसे आले तेव्हा कुणी काय केलं ते आधी सांगते. एकानं बंगल्यापेक्षा मोठी पांढरी गाडी घेतली आणि मग ती लावायला जागा नाही म्हणून चुलत्याशी भांडण काढलं. एकानं गळ्यात एवढी जाड साखळी घातली की त्याला मान वर करून बोलता येईना, बिचारा वर्षभर सगळ्यांच्या चपलांकडे बघूनच बोलायचा. माझा धाकटा भाऊ रोहिदास मात्र दोन स्पीकर घेऊन आला. कपाटाएवढे. टेम्पोतून उतरवताना निम्मी आळी गोळा झाली, आणि शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "दोन दोन फ्रिज कशाला रं रोहिदास?"

मी गोजाबाई, त्याची थोरली बहीण. चिखलीत जन्मले, सांगवीत दिले. रोहिदासला कडेवर घेऊन फिरवलाय मी, त्यामुळं त्याच्याबद्दल बोलायचा मला पूर्ण अधिकार आहे, आणि तो मी सोडत नाही.

तर हा आमचा रोहिदास. चाकणच्या एका कंपनीत प्रेस शॉपला आहे. पत्र्यावर मशीन आपटतं आणि गाडीचा दरवाजा बाहेर येतो, ते काम. गावच्या भजनात मृदंग वाजवतो. दिसायला अगदी सरळ माणूस, कपाळाला बुक्का, खिशाला पेन. पण ह्याचं डोकं अडकलंय इंग्लंडात, आणि तेही एकोणीसशे सत्तरच्या आसपास. त्या काळात तिकडं काही बँड होते म्हणे, त्यांच्या गाण्याला 'प्रोग' म्हणतात. मला त्यांची नावं काही लक्षात राहात नाहीत. मी आपली कव्हरावरच्या चित्रावरून ओळखते. एक गायवाले. नुसती गाय उभी आहे रानात, मागं वळून बघतीये. मला वाटलं दुधाच्या डेअरीचं कॅलेंडर आहे. एक लाल तोंड वासलेला, दाढ उपटल्यासारखा. एक जण एका पायावर उभा राहून बासरी वाजवतो. मी म्हटलं, "हा तर आपला किसनदेव! फक्त दाढी वाढलीये." रोहिदास दोन दिवस बोलला नाही माझ्याशी.

आणि गाणी किती लांब! कॅसेटच्या एका बाजूला एकच गाणं. गाणं सुरू झालं की मी तांदूळ धुते, भात लावते, भात उकळतो, वाफ जिरते, पानं वाढून होतात, तरी त्या गाणाऱ्यानं अजून तोंड उघडलेलं नसतं. वाजवणारे आपले वाजवताहेत. रोहिदासची बायको कौसल्या एकदा म्हणाली, "वन्सं, गाणारा आलाय का बघा हो, का आजपण सुट्टीवर आहे?"

ह्यावर रोहिदासचं उत्तर ठरलेलं. "आक्का, चाकणच्या चौकात बस अडकली की तासभर हलत न्हाई. तिथं तीन मिन्टाचं गाणं काय पुरनार? मानसाला त्याच्या अडकन्याच्या मापाचं गाणं पाहिजे." हे त्यानं करूनही पाहिलं. कंपनीच्या बसमध्ये ड्रायव्हरला पटवून एक गाणं लावलं. गाणं संपलं तेव्हा बस होती तिथंच होती, पण बसमधले सगळे म्हणे झोपले होते. रोहिदास अभिमानानं सांगतो, "इतकं शांत वाटलं पोरांना!"

आता जुनं चांगलं आणि नवं वाईट, हे म्हणायला काय लागतं? आमच्याकडं जो तो म्हणतो. पण रोहिदासचं तसं नाही, त्याचा हिशोब पक्का आहे. सत्तर सालातल्या माणसांना घाई नव्हती, म्हणतो तो. सात मात्रांचा ताल, आपल्या रूपकासारखा, पण मधेच एक पाय लंगडतो, आणि त्या लंगडण्यातच मजा. ऐंशी साल उजाडलं आणि ह्या लोकांनी केस फुगवले, गाणी आखडली. नव्वदनंतर तर गिटार वाजवतात का ग्राइंडर मारतात ते कळेना. "ते संगीत न्हाई आक्का, ते वेल्डिंग हाय. ठिणग्या उडत्यात, बाकी काय न्हाई." आणि त्याच्यानंतरचं सगळं कॉम्प्युटरवर इस्त्री मारलेलं. एक सुरकुती दिसणार नाही.

आणि ह्या सगळ्याचा पुरावा काय, तर आगगाडी.

हे नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्या गाडीवरच चालतं. रोहिदासकडे एक कॅसेट आहे, नेहाच्या, म्हणजे त्याच्या पोरीच्या, जन्माच्या आधीची. कव्हरावर हवेत तरंगणारे डोंगर. त्यातलं एक गाणं असं हळू होत होत अगदी विरघळायला येतं, एकच पेटीसारखा सूर मागं उरतो, आणि लांबून आगगाडीचा भोंगा येतो. भोंऽऽऽ. मग खडखड खडखड गाडी जाते. आणि गाडी गेल्यावर, अगदी बारीक, एक बाई 'च्च' करते. बस. मग पुन्हा ढोल सुरू.

रोहिदासनं ह्या जागेवर काय काय सांगितलंय लोकांना! "गाडी म्हंजे गेलेली येळ. आनि ती बाई म्हंजे इंग्लंडातलं एकटेपन. एका 'च्च'मधी अख्खा देश सांगितला राव! आता करतं का कोन असं?" पाहुणा आला की चहा, आणि चहासोबत गाडी. गणपतीची वर्गणी मागायला आलेल्या पोरांनाही ऐकवली. ती पोरं नंतर दोन वर्षं वर्गणीला आली नाहीत. मोबाईलमध्ये गाणं ऐकणं त्याला पाप वाटतं. एकदा नेहानं तेच गाणं फोनवर लावलं तर त्यात गाडी नव्हती. रोहिदास खवळायच्या ऐवजी खूश झाला. "बघितलं? काढली! रिमास्टर म्हनून जुनं गानं धुत्यात, पुसत्यात, परत इकत्यात. गाडी पन पुसून टाकली. म्हनून म्हनतो, नंतरच्या लोकांना कळतच न्हाई!"

झालं. गाडी नाही, हाच गाडी असल्याचा पुरावा. ह्यापुढं कोण बोलणार?

तर गेल्या दिवाळीनंतर नेहानं घरी सांगितलं की तिच्या ऑफिसातला एक मुलगा आहे, दिग्विजय, निगडीचा, प्राधिकरणात घर आहे. दोघांचं आधीच ठरलेलं, आता आपलं रीतीप्रमाणं पोहे खायला बोलवायचं. जात-पात, शेतीवाडी, सगळं जुळत होतं. कौसल्या हरखली. पण नेहा माझ्याकडं सांगवीला आली ती रडवेलं तोंड करून.

"आत्या, त्याला पण प्रोग आवडतं."

"मग रडतीस कशाला? साखर वाट."

"नव्वदनंतरचं आवडतं गं."

मी कपाळावर हात मारला. म्हटलं, "पोरी, त्यापेक्षा दारू पितो म्हणून सांगितलं असतंस तर बापानं समजून घेतलं असतं."

मग आम्ही दोघींनी ठरवलं. दिग्विजयला सांगायचं, काकांसमोर नुसती मान डोलवायची. गाडी आली की डोळे मिटायचे, 'च्च' झालं की एक उसासा सोडायचा. नेहानं त्याच्याकडून फोनवर दोनदा उसासा म्हणून घेतला.

रविवारी मंडळी आली. दिग्विजय उंच, चष्मा लावणारा, आवाज मऊ. त्याचे वडील अर्जुनराव जाडजूड, पोह्यांवर मनापासून प्रेम करणारे. सगळीकडे मुलीला प्रश्न विचारतात. आमच्याकडे नेहा निवांत बसली आणि मुलाची परीक्षा सुरू झाली.

"गानी ऐकता का?" रोहिदासनं बेतानं विचारलं, जसं काही सहज.

"ऐकतो काका. जुनी."

नेहानं माझ्याकडं बघितलं. मी डोळा मारला.

रोहिदास उठला. कॅसेट काढली, बाहीला पुसली, टेपात घातली. स्पीकरच्या आतून असा काही घुमला आवाज की अर्जुनरावांच्या बशीतले शेंगदाणे सरकले. दिग्विजय मान डोलवत होता, आणि खोटं नाही सांगत, तो खरंच डोलवत होता. बोटं गुडघ्यावर चालली होती. सातवर बरोबर थांबत होती. रोहिदासनं ते पाहिलं आणि त्याचा चेहरा असा काही फुलला की मला वाटलं, हा आत्ताच तारीख काढतो.

मग ती जागा आली. सगळं विरघळलं, एक सूर उरला, आणि भोंऽऽऽ.

दिग्विजयनं डोळे मिटायचे होते. त्यानं ते टक्क उघडले.

"काका, ही गाडी कुठनं आली?"

नेहानं पदर नाही म्हणून ओढणी तोंडात कोंबली. रोहिदासनं टेप थांबवला. "कुठनं म्हंजे?"

"नाही म्हणजे... ह्या गाण्यात गाडी नाहीये."

"आत्ताच्यात न्हाई. पुसलीये. मूळच्यात हाय."

"मूळच्यातपण नाही काका. माझ्याकडे त्या सालची तबकडी आहे. जुन्या बाजारात मिळाली. पन्नासदा ऐकलीये."

आता इथं थांबायला काय झालं होतं? पण कानाचा खरा माणूस थांबत नाही. पुढं म्हणाला, "आणि खरं सांगू का, ही जागा मूळ गाण्यात जरा ताणलेलीच आहे. त्या काळचे लोक वाजवायला लागले की उठायचेच नाहीत. गाण्यांत पऱ्या, राजे, जादूगार, आणि अंगावर झूल घालून वाजवणार. नंतरचे बँड मला त्यासाठी आवडतात. ते ऑफिसातून थकून घरी आलेल्या माणसाचं गाणं म्हणतात."

अर्जुनराव म्हणाले, "पोहे झकास झालेत हं वहिनी."

मंडळी गेल्यावर रोहिदासनं जाहीर केलं, "पोरगं चांगलं असंल. शिकलेलं असंल. पन त्याला कान न्हाईत. एवढी आगगाडी समोरनं जाती आनि म्हनतो, न्हाईच. ज्याला ऐकू येत न्हाई त्याच्या घरात माझी पोरगी देनार न्हाई. उद्या ही रडली तर त्याला काय ऐकू जानार?"

"अहो, लग्न पोरीचं आहे का कॅसेटचं?" कौसल्या ओरडली.

"माझ्या तोंडावर माझी कॅसेट खोटी म्हनाला तो!"

नेहा आत गेली आणि दार लावून घेतलं. आवाज न करता लावलं, ते मला जास्त लागलं. ही पोरगी बापाच्या परवानगीशिवाय लग्न करणार नाही, हे मला माहीत होतं. आणि त्या मुलाला सोडणार नाही, हेही.

मी घरी आले आणि विचार करत बसले. तबकडीत गाडी नाही. फोनमध्ये गाडी नाही. मग रोहिदासच्याच कॅसेटमध्ये गाडी कुठनं शिरली? ही कॅसेट दुकानातून विकत घेतलेली नव्हती, भरून घेतलेली होती. तेव्हा तशी पद्धत होती. तबकडी नाहीतर कॅसेट द्यायची, दुकानदार तुम्हाला कोऱ्या कॅसेटवर गाणी भरून द्यायचा. रोहिदास तेव्हा भोसरीला कामाला होता. तिथं मशीन बसवायला एक गोरा इंजिनिअर आला होता, त्यानंच ह्याला हा नाद लावला. परत जायच्या आदल्या दिवशी त्यानं ही तबकडी ह्याला नुसती ऐकायला दिली होती. आणि ती भरून कुणी दिली? दापोडीच्या अजीजनं.

दुसऱ्याच दिवशी रिक्षा केली आणि नदी ओलांडून दापोडीला गेले. अजीजचं दुकान आहे तिथंच आहे, रेल्वे लाइनला पाठ लावून. फक्त कॅसेटच्या जागी आता मोबाईलची कव्हरं लटकतात. अजीज म्हातारा झाला, दाढी पांढरी झाली, पण जुना टेप, रेडिओ दुरुस्त करणारा आपल्या भागात तोच एक उरलाय.

मी त्याला सगळं सांगितलं. पोहे, पोरगा, गाडी. अजीजनं चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला.

"गोजाताई, चाय घ्या ना."

"चहा नंतर. गाडी कुठली ते बोल."

"अरे देवा," अजीज म्हणाला. "ती गाडी निकली का शेवटी."

मग सांगितलं त्यानं. त्या दिवशी सकाळी रोहिदास पहिल्या पाळीला जाताना तबकडी देऊन गेला. संध्याकाळी परत पाहिजे, साहेबाचं विमान आहे. आणि इकडं तबकडीच्या यंत्राकडून टेपाकडं जाणारी तार उंदरानं खाल्लेली. "मग काय करनार? स्पीकरच्या समोर टेप ठेवला, माइक चालू केला, शटर ओढलं. सगळ्यांना सांगितलं, कोणी खोकायचं पन नाही. गल्लीतली पोरं गप, कोंबड्या गप. पन गोजाताई, रेल्वेला कसं गप करनार?"

"म्हणजे ती गाडी..."

"लोनावळा लोकल."

मी हसायला लागले ती थांबेचना. इंग्लंडातली गेलेली वेळ ती ही! लोणावळा लोकल!

"मग सांगितलं का नाहीस त्याला?"

"सांगनारच होतो. दुसरी करून द्यायला तबकडी पन गेलेली. मला वाटलं, हा येऊन शिव्या देनार. तर दुसऱ्या दिवशी हा आला, डोळ्यात पानी. म्हनतो, अजीजभाई, काय गाडी आनलीये त्या लोकांनी! आता तुमीच सांगा, मी कुठल्या तोंडानं सांगू?"

तेवढ्यात मागनं गाडी आली. दुकानातली कव्हरं हलायला लागली. भोंगा, खडखड, सगळं झालं. आणि गाडी गेल्यावर आतल्या पडद्यामागून बारीक आवाज आला.

"च्च."

माझ्या हातातली पिशवीच खाली पडली. हा 'च्च' मी दिवाळी, उन्हाळा, बारशी, मुंज, सगळीकडं ऐकलेला. तोच. तसाच. "अजीज, आत कोण आहे?"

"ताहेरा आहे की. माझी बायको. लग्न करून आली तेव्हापासून प्रत्येक गाडीला असंच करते. आता तिला पन कळत नाही."

इंग्लंडातलं एकटेपण पडद्याबाहेर आलं, हसून म्हणालं, "बैठो ना आपा, चाय टाकते."

चहा पिता पिता मी ठरवलं. हे मी रोहिदासला सांगून उपयोग नाही. म्हणेल, आक्का, तू पण फितूर झालीस. त्याला हे त्याच्या कानांनीच कळलं पाहिजे.

त्या आठवड्यात रोहिदासच्या टेपाचा आतला पट्टा कसा काय निसटला, ते मला विचारू नका. मी त्या दिवशी पुऱ्या तळायला गेले होते, हाताला डाग होता तो तेलाचाच. पण टेप बंद पडला की रोहिदासचा चेहरा बघवत नाही. मी म्हटलं, "चल, अजीजकडं जाऊ. मलाही ताहेराला भेटायचंय." नेहाला गाडी चालवायला घेतली. आणि दापोडीत पोचलो तर काय योगायोग! दुकानाच्या बाकड्यावर दिग्विजय बसलेला, फोनचं कव्हर बदलायला आलेला. निगडीत कव्हरं मिळत नाहीत वाटतं.

रोहिदासनं त्याच्याकडं बघितलं आणि पाठ फिरवली.

अजीजनं पट्टा बसवला. "बघू लावून," म्हणाला आणि कॅसेट घातली. लहानशा दुकानात तो ताल घुमायला लागला. दिग्विजयची बोटं लगेच चालू. रोहिदास दुसरीकडं बघत होता, पण त्याचीही बोटं चालू. दोघांची सातव्या मात्रेवर एकदम थांबत होती. सासरा-जावई व्हायला आणखी काय पाहिजे, मी मनात म्हटलं.

जागा आली. सूर उरला. कॅसेटमधली गाडी भोंगा देऊन गेली. 'च्च' झालं. रोहिदासनं हात वर केला, दिग्विजयकडं बघून, 'ऐकलंस?' असा.

आणि मागनं खरी गाडी आली. भोंगा तोच नाही, आता नवे डबे आहेत, पण खडखड तीच, त्याच भिंतीतून येणारी. दुकान तसंच हललं. गाडी गेली. आणि पडद्यामागून ताहेरा म्हणाली,

"च्च."

रोहिदासचा हात हवेतच राहिला.

टेप चालूच होता, ढोल वाजत होते, कुणाचं लक्ष नव्हतं. रोहिदासनं पडद्याकडं पाहिलं. मग टेपाकडं. मग अजीजकडं. अजीज जमिनीकडं बघत होता.

"अजीजभाई?"

"रोहिदासभाऊ, तार उंदरानं खाल्ली होती."

एवढंच म्हणाला तो. आणि एवढ्यावर रोहिदासला सगळं कळलं. मशीनचा बारीक आवाज बदलला तरी कुठला बोल्ट ढिला झालाय ते ओळखणारा माणूस आहे तो. खाली बसला बाकड्यावर. दिग्विजयच्या शेजारीच बसला, पण ते त्याच्या लक्षातही आलं नाही. मला वाटलं होतं मी हसेन. हसू आलंच नाही. माझा एवढा मोठा भाऊ, आणि लहानपणी पतंग कापला गेला की जसा बसायचा तसा बसलेला.

"म्हंजे मी एवढी वर्सं लोकांना काय सांगत व्हतो?" तो म्हणाला. "लोनावळा लोकल?"

"तीच," अजीज म्हणाला.

आता इथं त्या मुलाला बोलायची संधी होती. 'मी सांगितलं नव्हतं का काका?' एवढं वाक्य म्हटलं असतं तर सगळं तिथंच संपलं असतं. पण दिग्विजय उठला, कॅसेट थोडी मागं घेतली, आणि ती जागा परत लावली. एकदा. पुन्हा एकदा. डोळे मिटून.

"काका," तो म्हणाला, "भोंगा त्याच सुरात आहे. मागं जो सूर उरलाय ना, त्याच सुरात. आणि डब्यांची खडखड तालात बसते. हे त्या लोकांना सुचायला पाहिजे होतं. तबकडीत ही जागा मोकळी वाटते, आत्ता कळलं मला का ते."

रोहिदासनं त्याच्याकडं पाहिलं. पहिल्यांदा नीट पाहिलं.

"खरं बोलतोस का मला बरं वाटावं म्हनून?"

"बरं वाटावं म्हणून बोलायचं असतं तर पोहे खातानाच बोललो असतो."

आता माझा भाऊ हरला असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही चिखलीची माणसं बघितलेली नाहीत. चहा आला, दोन घोट पोटात गेले, आणि रोहिदास ताठ बसला.

"पन मला एक सांग. अख्खी लोकल शिरली तरी गानं मोडलं का? न्हाई! कारन तेवढी जागा ठेवलीये त्यांनी. ऐसपैस गानं हाय. तुझ्या वेल्डिंगवाल्यांच्या गान्यात सुई शिरायला जागा न्हाई, तिथं लोकल कुठं मावनार?"

"मावेल की!"

"दाखव!"

झालं, दोघांचं जुंपलं. अजीजला हुरूप आला. त्यानं माळ्यावरून जुना टेप काढला, कोरी कॅसेट शोधली, स्पीकरसमोर टेप ठेवला, अगदी तेव्हासारखा. दिग्विजयनं फोनवर आपलं नव्वदनंतरचं काहीतरी लावलं. देवा रे! भिंतीला टेकलेले मोबाईल आपोआप चालू होतील असं वाटलं. आणि आम्ही सगळे गाडीची वाट बघत बसलो.

गाडी काही येईना. नेमकी त्या दिवशी उशिरा. एक गाणं संपलं, दुसरं लागलं. रोहिदासनं आधी कानावर हात ठेवले. मग एकच ठेवला. मग तो हात दाढीवर आला. दुसऱ्या गाण्यात मधे कुठंतरी सगळा गोंगाट थांबून एक माणूस अगदी साधं, हळू आवाजात काहीतरी म्हणतो, दमून घरी आल्यासारखा. तिथं मी रोहिदासच्या पायाकडं बघितलं. चपलेतला अंगठा हलत होता. मी नेहाला कोपरानं ढोसलं. तिनंही बघितलं. आम्ही दोघी लगेच कव्हरं बघायला लागलो.

गाडी आली तेव्हा नेमका गोंगाट परत सुरू झालेला. कव्हरं हलली म्हणून कळलं, नाहीतर नसतं कळलं. अजीजनं कॅसेट मागं घेऊन लावली. सगळे कान देऊन बसलो. गिटार, ढोल, गिटार. गाडी नाहीच. भोंगा नाही, खडखड नाही. आणि गाणं संपल्यावर, शांततेत, स्वच्छ:

"च्च."

"गिळली!" रोहिदास उठून ओरडला. "अख्खी लोकल गिळली ह्यानं! डब्यासकट!"

"मग ताकद बघा की काका!"

"ह्याला ताकद म्हनतात? ह्याला खादाडपना म्हनतात!"

"तुमच्यावाल्यांनी गाडीला वाट दिली, आमच्यावाल्यांनी गाडीला हरवलं."

"मला विचारलं तर," ताहेरा पडद्यातून म्हणाली, "दोन्ही बंद करा."

परत निघताना रोहिदास पुढं बसला, नेहा गाडी चालवत होती, मी मागं. दापोडीच्या पुलावर त्यानं काच खाली केली. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला, "एवढ्या लोकांना ऐकवली कॅसेट. पाव्हनेरावळे, कंपनीतली पोरं, भजनी मंडळ. एकाला तरी कळलं का गाडी भायेरची हाय म्हनून? मला सुद्धा न्हाई कळलं. ह्याला पयल्यांदा ऐकून कळलं." शेवटी म्हणाला, "मी चुकीचं बोललो. पोराला कान हायेत."

नेहानं आरशात माझ्याकडं बघितलं. तिचे डोळे भरले होते. मी म्हटलं, "समोर बघ गं, ट्रक येतोय."

"पन आवड वाईट हाय," रोहिदास म्हणाला. "ती लगीन झाल्यावर सुधरवू."

साखरपुड्याची बोलणी करायला आम्ही निगडीला दिग्विजयच्या घरी गेलो. अर्जुनरावांनी ह्या वेळी पोहे त्यांच्याकडचे खिलवले, आणि ते सगळ्यात जास्त त्यांनीच खाल्ले. मग दिग्विजयनं ती तबकडी काढली. खरी, तरंगत्या डोंगरांची. रोहिदासनं ती दोन्ही हातांनी धरली, देवाचं ताट धरावं तशी, आणि यंत्रावर ठेवू दिली.

आमचा माणूस आयुष्यात पहिल्यांदा ते गाणं गाडीशिवाय ऐकत होता. डोळे मिटलेले. सगळं हळू होत गेलं, विरघळलं, एक सूर उरला. ती मोकळी जागा आली. मला वाटलं, आता ह्याला वाईट वाटणार.

रोहिदासनं डोळे न उघडता, गाल फुगवून, अगदी त्याच सुरात म्हटलं, "भोंऽऽऽ."

दिग्विजयनं गुडघ्यावर डबे वाजवले. खडखड, खडखड.

आणि दाराशी ताट घेऊन उभी असलेली कौसल्या, जिनं आयुष्यभर ह्या गाण्याचा राग राग केला, ती ह्या दोघांकडं बघून म्हणाली, "च्च."

अगदी वेळेवर.